अदेलाइदाचा पट्टा

१

त्या उन्हाळ्यात माझा दिवस भिंत ठोकण्याने सुरू होत असे. सकाळी सहाला कॉफी, कालच्या घेवड्यात बुडवलेली मक्याची तोर्तिया, मग पाट ओलांडून चर्च. दारापासून सुरुवात करायची, डावीकडे वळायचे आणि दर पावलाला बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघायची. आवाज पोकळ आला, की नकाशावर रिकामे वर्तुळ. भरीव आला, की काळे.

सान कायेतानोचे हे मिशन-चर्च कच्च्या विटांचे आहे. तीनशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याने ते गावच्या बायकांकडून उभे करून घेतले. पुरुषांनी विटा पाडल्या, भिंती रचल्या त्या बायकांनी. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बायकाच ते चर्च हाताने लिंपत आल्या होत्या. १९७४ साली मी ते थांबवले.

मी एकतीस वर्षांचा होतो आणि पूर्वेकडच्या विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलो होतो. गावच्या सभेत मी फळ्यावर आकृत्या काढल्या. साठ बायकांचे बारा दिवस दर वर्षी चिखलात जातात. सिमेंट एकदा लावा, पन्नास वर्षे बघायला नको. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. मातीवर लोखंडी जाळी ठोकली गेली, जाळीवर सिमेंट थापले गेले. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, हे मला कळायला हवे होते. जमिनीतली ओल वर चढली, आत कोंडली, विटांचा पुन्हा चिखल झाला आणि तो कवचाच्या आत हळूहळू खाली बसत गेला. आमच्या खोऱ्यात ही चूक सात-आठ गावांनी केली. आमच्या गावात ती माझ्या नावावर आहे.

आता ते सिमेंट उतरवायचे होते. कामाची प्रमुख होती माझी मुलगी ओदीलिया, मातीच्या इमारतींची वास्तुतज्ज्ञ.

"बाबा, तुम्ही फक्त नकाशा करा," ती म्हणाली होती. "कुठं पोकळ, कुठं भरीव, एवढंच. शिडीवर चढायचं नाही."

ती मला एका शब्दाने दोष देत नसे. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

उत्तरेची भिंत सगळीकडे पोकळ वाजत होती. फक्त एका ठिकाणी, साधारण दोन हात रुंदीच्या जागेत, आवाज दबलेला होता. भरीव म्हणावा असाही नाही. ढोलकी वाजत असताना कुणी तिच्या कातड्यावर तळवा टेकवावा, तसा. मी खडूने त्या जागेच्या कडेला रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तो दबलेला आवाज रेघेच्या अलीकडे चार बोटे सुरू झाला. तिसऱ्या दिवशी आणखी चार.

माझ्या बोटांना संधिवात आहे. सुजलेल्या पेराने ठोकले की फरक पडणारच. मी रेघ पुसली आणि नकाशावर तिथे काहीच काढले नाही.

२

"फाउस्तीनो, भिंत तपासतोयस की दार वाजवतोयस?"

एफिहेनिया खुर्ची घेऊन झाडाखाली येऊन बसली होती. वय त्र्याऐंशी. लिंपण येणाऱ्या बायकांपैकी तीच तेवढी उरली होती. गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात. ती मात्र लहानपणी माझे कान पिळायची, म्हणून तिच्या तोंडी अजून नुसता फाउस्तीनो.

"तपासतोय."

"वाजवत असशील तर जपून. एखाद्या वेळी आत या म्हणतील."

ती स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसली. मग दोन्ही पंजे माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे बघ. माझ्या आईनं शिकवलेले हात. चाळीस वर्षं नुसते पिठात गेले. तुझ्या कृपेनं."

"चूक झाली, एफिहेनिया. मी कबूल केलंय ते."

"केलंयस रे. छापूनसुद्धा आणलंस. भिंतीला वाचता येत नाही ना पण."

भिंतीचे पट्टे वाटलेले असत. प्रत्येक घराचा एक पट्टा, तो आईकडून मुलीकडे जायचा. दोन पट्ट्यांच्या मध्ये पायथ्याशी नदीतला एक गोल दगड बसवलेला. आपल्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत आपला हात. दुसरीच्या पट्ट्यात हात घालायचा नाही. पुरुषांनी माती कालवावी, घमेली वाहावीत, पण ओल्या भिंतीला बोट लावू नये. लावलेच तर बायका त्याला चिखलाने माखत. मी हे सगळे लहानपणापासून पाहिले होते आणि तरुणपणी त्याला वेळेचा अपव्यय म्हटले होते.

एफिहेनियाच्या शेजारचा पट्टा अदेलाइदाचा. अदेलाइदा म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अकरा वर्षे झाली.

"सिमेंट लागलं त्या दिवशी ती माझ्याजवळ उभी होती," एफिहेनिया म्हणाली. "रडली नाही. एवढंच म्हणाली, आता त्या कुणाचा हात धरतील?"

"कुणी कुणाचा?"

"मी विचारलं नाही. असलं विचारत नसतात."

"आणि तिनं मला कधी सांगितलं नाही?"

"तू तेव्हा बोलत होतास, फाउस्तीनो. तू कायम बोलतच असायचास."

३

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मेल्कोर आणि त्याची माणसे उत्तरेकडे आली. मेल्कोर मुकादम, हात पहारीसारखे, जीभ त्याहून लांब. दोन पहारी आत घालून ते एकदम रेटायचे. सिमेंटचा तुकडा जाळीसकट सुटून वाळूवर तोंडघशी पडायचा. मागून लपलपीत काळा चिखल वाहत यायचा, चाळीस वर्षे बंद ठेवलेल्या डब्यासारखा वास मारत.

अदेलाइदाच्या पट्ट्यातला, आवाज दबलेला होता तिथला तुकडा मात्र सुटेना. चार माणसे लागली. अखेर तो एका दाराएवढा अखंड निघाला आणि पालथा पडला. मागून चिखल आला नाही.

"झालं, जेवून घ्या!" मेल्कोर ओरडला. "डॉक्टर, येता का? बायकोनं हिरवी मिरची घातलीय, डोळ्यांतून सिमेंट निघेल."

"तुम्ही व्हा पुढं."

मी भिंत बघायला थांबलो होतो. बाकी सगळीकडे आतल्या विटा विरघळल्या होत्या. इथे त्या कोरड्या, धडधाकट होत्या. त्यांच्यावरचे जुने लिंपण मात्र संपूर्ण गेले होते आणि विटा चमकत होत्या. जात्याचा खुंटा हातांनी गुळगुळीत होतो, तशा.

मग मी पालथ्या पडलेल्या तुकड्याकडे पाहिले.

त्याच्या पाठीवर हात होते.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. शेवटच्या लिंपणावर बायकांच्या हातांचे ठसे राहिलेले असणार, त्यांवर मी सिमेंट थापले, सिमेंटने साच्यासारखे ते उचलले. जतन करावी अशी वस्तू. मी गुडघ्यांवर बसलो, चष्मा पुसला, मोजले. अकरा पंजे. लहान, मोठे, काही एकमेकांवर पडलेले.

मग माझ्या लक्षात आले ते बोटाने चाचपल्यावर. भिंतीवर हात दाबला की खड्डा पडतो. त्या खड्ड्यात सिमेंट भरले की सिमेंटवर तो हात उंचवटा होऊन यायला हवा, साच्यातून काढलेल्या मूर्तीसारखा. हे हात उंच नव्हते. खोल होते. सिमेंट ओले असताना कुणीतरी ते दाबले होते, आणि दाबणारा भिंतीच्या बाजूला होता.

मी पुन्हा पुन्हा तपासले. सिमेंट बाहेरून थापले होते. मागे वीतभरही जागा नव्हती. मागे विटाच होत्या.

जाळीच्या तारा जिथे उघड्या पडल्या होत्या, तिथे बोटांचे खड्डे तारांभोवती वळलेले होते. गजांना धरावे तसे.

आणि प्रत्येक पंजाची करंगळी आतल्या बाजूला वाकडी होती. अदेलाइदाची होती तशी. तिच्या आईची होती, त्यांच्या घरातल्या सगळ्या बायकांची आहे. ओदीलिया जन्मली तेव्हा दाईने सगळ्यांत आधी तिची मूठ उघडून तेच दाखवले होते. पण सिमेंट लावले त्या दिवशी अदेलाइदा माझ्या डोळ्यांसमोर, झाडाखाली उभी होती.

मी एका खड्ड्यात माझी करंगळी घालून पाहिली. बाहेर अंग भाजणारे ऊन होते. आत गार होते, आणि ओलसर.

मेल्कोरचा घण जवळच पडला होता.

४

"अहो डॉक्टर, हे काय?" जेवून आलेल्या मेल्कोरने ठिकऱ्यांच्या ढिगाकडे पाहिले. "ओदीलियाबाईंनी बजावलंय, प्रत्येक तुकड्याचा फोटो घ्यायचा म्हणून."

"जाळीला गंज किती लागलाय ते बघायचं होतं."

"बघितला?"

"बघितला."

त्याने माझ्या हातातला घण घेतला. "जोरात बघितलात," तो म्हणाला.

संध्याकाळी जेवताना ओदीलियाने वही काढली. सात ऑगस्टला सान कायेतानोचा सण, त्याआधी लिंपण पूर्ण व्हायला हवे. वीस घरांनी आपापले पट्टे पुन्हा मागून घेतले होते. नाती, पणत्या शहरांतून येणार होत्या. एफिहेनिया त्यांना शिकवणार होती.

"आणि आईचा पट्टा मी लिंपणार," ती म्हणाली.

"तू प्रमुख आहेस. तू देखरेख कर."

"बाबा, सगळ्या मुली आईचा पट्टा लिंपणार आणि मी छत्री घेऊन उभी राहू?"

"तिथं लोणा फार आहे, भिंतीतलं मीठ. हातांना लागेल. निदान हातमोजे घाल."

ती खळखळून हसली. "हातमोजे! एफिहेनिया मला पाटात बुडवून मारेल. आणि लोणा आहे म्हणून तर हात हवा. थापीला लोणा कळत नाही, तळव्याला कळतो. हे तुम्हीच लिहिलंयत, नंतरच्या लेखात."

मी तिच्या हाताकडे पाहत होतो. ती पेन्सिल धरते तेव्हा करंगळी वाकून तळव्याखाली लपते.

सांगायचे तर काय सांगायचे होते? की मी एक तुकडा पाहिला आणि फोडला. की दाखवण्यासारखे आता काही उरलेले नाही. की तुझ्या आईने एक वाक्य म्हटले होते आणि तू ते गंभीरपणे घे. चूक कबूल करणे मला जमते. त्या एका चुकीवर मी तीन लेख लिहिले आहेत. एकाहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या मुलीसमोर, म्हातारपणी बिघडलेला माणूस ठरणे मला जमले नाही. ती वही मिटून भांडी घासायला उठली आणि मी म्हणालो, "रश्शात मीठ कमी होतं."

५

मी दगड हलवला तो भर दुपारी. दोन ते चार कामावर कुणी नसते.

अदेलाइदाचा पट्टा आणि एफिहेनियाचा पट्टा यांच्यामधला तो दगड, कोहळ्याएवढा, सिमेंट निघाल्यावर पुन्हा उघडा पडला होता. तो काढायला मला अर्धा तास लागला. मी तो दोन हात पलीकडे, अदेलाइदाच्या बाजूला, नवा खड्डा करून बसवला, जुन्या जागी माती भरली, वर पाणी शिंपडून तळव्याने नव्हे, बुटाने सारखी केली. आता ती चमकणाऱ्या विटांची जागा एफिहेनियाच्या पट्ट्यात गेली होती. ओदीलियाकडे उरले ते सगळे विरघळलेले आणि नव्याने रचलेले, निर्धोक.

मी स्वतःशी म्हणालो, की तिथे काही नाही, त्यामुळे कुणाला काही होणार नाही. आणि काही असलेच, तर एफिहेनिया त्र्याऐंशी वर्षांची आहे. हे वाक्य मी मनात पूर्ण म्हटले. अर्धवट सोडले असते तर आज जरा बरे वाटले असते.

६

लिंपणाच्या दिवशी वीस बायका आल्या. निम्म्यांनी जन्मात चिखलात हात घातला नव्हता. एफिहेनियाने त्यांना रांगेत उभे केले.

"नखं बघू. ही काय नखं आहेत? भिंत खाजवायला आलीस का ग? काप. आणि तू, पोरी, भिंत म्हणजे भांडं नाही, घासू नको. बाळाच्या पाठीवरून फिरवतात तसा हात फिरव."

"आणि आम्ही?" मेल्कोरने घमेले ठेवत विचारले.

"तुम्ही चिखल आणा आणि तोंड मिटा."

कुणीतरी पाठीमागून मेल्कोरच्या मानेवर चिखलाचा गोळा मारला. सगळ्या हसल्या. ओदीलियाही हसली, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेली, केसांवर आईचा रुमाल. मी दहा पावलांवर छत्रीखाली बसलो होतो.

एफिहेनिया आपल्या दगडाशी येऊन थांबली. मागे पाहिले, पुढे पाहिले.

"माझा पट्टा एवढा रुंद होता?"

मी म्हणालो, "चाळीस वर्षं झाली, एफिहेनिया."

"हां." तिने पायाने दगडाला स्पर्श केला. "माझंच विसरलं असेल. दगड काही खोटं बोलत नाही."

ती सुरू झाली. मी इतके सुंदर काम पुन्हा पाहिले नाही. ती मूठभर चिखल भिंतीवर ठेवायची आणि पंजा एकदाच अर्धवर्तुळात फिरवायची, की तो तिथे कायमचा असल्यासारखा बसायचा. दोन्ही हात आळीपाळीने. अकराच्या सुमारास ती चमकणाऱ्या विटांपाशी पोचली. तिने चिखल ठेवला, उजवा पंजा फिरवला, आणि तो अर्ध्यावर थांबला.

तिने डावा हात बाजूला घेतला. उजवा तसाच.

"फाउस्तीनो," ती म्हणाली. ओरडली नाही. "हा माझा पट्टा नाही."

बाकीच्यांचे लक्ष नव्हते. मी उठून जवळ गेलो. तिचा पंजा मनगटापर्यंत लिंपणात रुतला होता. तिथे लिंपण दोन बोटेच जाड होते.

"सोड ना ग," ती भिंतीला म्हणाली, शेजारणीशी बोलावे तसे. "मी ती नव्हे. मी एफिहेनिया. मी शेजारची."

आणि मग मी एक लहान आवाज ऐकला, वाळकी काटकी कपड्यात गुंडाळून मोडावी तसा. पुन्हा एक. तिचे तोंड उघडले, पण श्वासच बाहेर आला.

तिच्या मनगटाजवळ चिखल फुगला होता. मी वाकून पाहिले. तिच्या पंजाच्या मागच्या बाजूवर तीन बोटे होती. मातीच्याच रंगाची, पेरांवर वाळून तडकलेली. चौथे, वाकडे, तिच्या मनगटाखाली शिरत होते.

मी हे पाहिले असे मला वाटते. ऊन फार होते.

आता बायका धावल्या. मेल्कोरही आला आणि भिंतीपासून हातभर अंतरावर थबकला; ओल्या भिंतीला पुरुषाने हात लावायचा नसतो. तो माझ्याकडे पाहत होता, मी सांगितले असते तर त्याने नियम मोडला असता. मी सांगितले नाही. मी स्वतःही मागे सरलो. त्या रिवाजाचा मी जन्मात कधी इतका आभारी झालो नव्हतो.

"सरका!" ओदीलिया म्हणाली. तिने पायथ्याशी पाहिले. बुटाने सारखी केलेली जागा सकाळच्या पाण्याने खचली होती, दगडाएवढा वाटोळा खळगा दिसत होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, एखाद्या विद्यार्थ्याचा कच्चा हिशेब बघावा इतकाच वेळ. मग तिने आपला उजवा हात एफिहेनियाच्या हाताशेजारी भिंतीत घातला.

"ओदीलिया, नको," मी म्हणालो. पण मी तिला धरले नाही.

एफिहेनिया मागे कोसळली. मेल्कोरने तिला झेलले. तिचा पंजा पिळलेल्या फडक्यासारखा लोंबत होता.

ओदीलियाचा हात मनगटापर्यंत आत होता. ती ओरडली नाही. तिचा चेहरा मला आठवतो: स्टेशनावरच्या गर्दीत कुणी मागून हाक मारावी आणि आपण ओळखून वळावे, तसा. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने हात सहज बाहेर काढला. कोपरापर्यंत तो चिखलाने भरला होता. मनगटाच्या पुढे, पंजा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

७

एफिहेनियाच्या हाताची एकोणीस हाडे मोडली होती. इस्पितळात तिला न्यूमोनिया झाला. मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिच्या नाकात नळी होती.

"दगड हलवला होता का रे?" तिने विचारले.

"नाही."

"तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा मी कान पिळायची," ती म्हणाली. "आता हातच नाही."

चौथ्या दिवशी ती गेली. दफनाच्या वेळी मी तिच्यावर चार ओळी बोललो. लोकांच्या मते चांगल्या बोललो.

चर्च सणापूर्वी पूर्ण झाले. बाहेरगावचे लोक फोटो काढायला येतात. उत्तरेच्या भिंतीला एकही तडा नाही.

ओदीलिया आता माझ्याकडेच राहते. ती डाव्या हाताने जेवते. उजवा हात टेबलावर असतो, उताणा, बोटे अर्धी मिटलेली. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात धरतात, तशी. दोन डॉक्टरांनी तपासले. शिरा ठीक, हाडे ठीक. एकाने मला बाजूला घेऊन मनावरचा ताण म्हटले, आणि मी लगेच मान डोलावली. मलाही तेच वाटते. बहुतेक वेळा मला तेच वाटते.

काल दुपारी आम्ही जेवत होतो. खिडकी उघडी होती, पाटाचे पाणी वाजत होते. तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, दगडाबद्दल मी तुम्हाला काही विचारणार नाही."

"ओदीलिया..."

"नाही, ऐका. पहिले काही दिवस मला वाटायचं, आई आहे. आई नाही. आईच्याही आधीची कुणीतरी आहे. फार वेळ एकटी होती. सोडत नाही, पण दुखवतही नाही, मी हलले नाही तर."

"बाळ, हा ताण आहे. डॉक्टर म्हणाले..."

"तिला तुमचं नाव माहीत आहे." ती शांत होती. मला वाटते ती झोपलेली नव्हती कित्येक दिवस. "सिमेंट कुणी लावलं ते तिला बघायचंय. एकदा हात धरून. मग ती मला सोडेल म्हणते."

तिने आपला उजवा हात टेबलावरून माझ्याकडे सरकवला. ताटल्यांच्या मधून, सावकाश, काहीतरी जड ओढत आणावे तसा. तो रिकामा होता. मी नीट पाहिले, चष्म्यातून पाहिले. तळव्यात काहीही नव्हते. फक्त बोटांच्या आतली कातडी दबलेली होती, पलीकडून कुणी बोटे गुंफल्यासारखी.

"बाबा," ती म्हणाली. "हात द्या."

काही नव्हते तर हात द्यायला काय हरकत होती? हे मी तेव्हाही स्वतःला विचारले. मी शिकलेला माणूस आहे. समोर माझी मुलगी होती, रिकामा हात पुढे केलेली.

मी माझा हात टेबलावरून उचलला आणि कोटाच्या खिशात घातला.

ओदीलियाने माझ्याकडे पाहिले. मग ती आपल्या तळव्यावर वाकली, अगदी जवळ, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "नाही म्हणतायत ते."

तिची बोटे टोकांकडून पांढरी पडू लागली.